आईच्या वहीतील अर्थशास्त्र

जालना-मंठा-जिंतूर मार्गावरून सेलूकडे वळताना देवगाव फाटा लागतो. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हे ठिकाण मराठवाड्यातील शेकडो फाट्यांसारखेच आहे. अशा कोणत्याही फाट्यावर सकाळच्या वेळी दोन वाटसरू एकमेकांना ओलांडून जातात. दप्तर पाठीवर घेतलेला विद्यार्थी शाळेकडे निघालेला असतो आणि कर्जाचा हप्ता गोळा करणारा वित्तसंस्थेचा प्रतिनिधी दुचाकीवरून वस्तीकडे निघालेला असतो. दोघांजवळही हिशेब असतो. विद्यार्थ्याच्या वहीत चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडविलेली असतात. प्रतिनिधीच्या यादीत त्याच विद्यार्थ्याच्या आईचे नाव असते. या दोन हिशेबांची गाठ मात्र कधी पडत नाही. ती पडावी, आणि शाळेनेच ती घालून द्यावी, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

आपल्या शालेय पाठ्यक्रमात अर्थव्यवहार शिकविला जात नाही, असे म्हणता येणार नाही. राज्य मंडळाच्या आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. नववीच्या 'अर्थनियोजन' या प्रकरणात आयकर आहे, तर दहावीच्या त्याच नावाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर, शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांची ओळख करून दिली आहे. हे ज्ञान निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरात कधी शेअरचा कागद आला नाही आणि कर्जाचा कागद मात्र दर वर्षी येतो, त्या विद्यार्थ्याला समभागाचे दर्शनी मूल्य काढता यावे आणि आईने घेतलेल्या कर्जाचा खरा व्याजदर काढता येऊ नये, ही विसंगती आहे. शिक्षण आणि जीवन यांत पडलेली ही फट केवळ शैक्षणिक नाही. तिची किंमत घरोघरी पैशात मोजली जात आहे, आणि कित्येक घरांनी ती त्याहून मोठ्या मोलाने चुकविली आहे.

न वाचता आलेल्या कागदाचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि पाहता पाहता तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या खतपत्रांवर होता. ठिकठिकाणी ही खते हिसकावून जाळण्यात आली. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला कळत नव्हते. कळत होते ते एवढेच, की त्या कागदाने जमीन जाते. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कायदा आला, अक्षरओळख मात्र त्याच्याबरोबर आली नाही. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला तर या कायद्याचाही आधार नव्हता. जाळून कागद संपतो, कर्ज संपत नाही. कर्जाला खरे उत्तर कागद वाचता येणे हेच आहे, हा त्या उद्रेकाचा धडा दीडशे वर्षांनंतरही तितकाच ताजा आहे.

दरम्यानच्या काळात सावकारीला पर्याय उभे राहिलेच नाहीत असे नाही. सहकारी पतसंस्था आल्या, राष्ट्रीयीकृत बँका आल्या आणि अखेरीस बचत गट आले. राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून कार्यरत आहे. नाबार्डने १९९२ साली पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून बचत गटांची देशव्यापी चळवळ उभी राहिली. पुढे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, महाराष्ट्रात 'उमेद' या नावाने, तिला शासकीय बळ दिले. शेजारच्या बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा या खेड्यात आरंभिलेल्या लघुकर्जाच्या प्रयोगातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना व बँकेला मिळून देण्यात आले. हेच युनूस २०२४ मध्ये तेथील हंगामी सरकारचे प्रमुख झाले आणि त्या काळात बांगलादेशातील हिंदू समाजावर काय प्रसंग ओढवले, हे वाचक जाणतात. परंतु तो स्वतंत्र विषय आहे. गरीब स्त्री घेतलेले कर्ज प्रामाणिकपणे फेडते, हे त्या प्रयोगाने जगाच्या निदर्शनास आणून दिले, हे मान्य करण्यास संकोच नसावा. आपल्याकडील भिशी चालविणाऱ्या बायकांना मात्र ते सिद्ध करण्यासाठी नोबेलची गरज कधीच वाटली नव्हती.

तथापि, लघुकर्ज ही सेवा न राहता व्यापार बनली की तिचे काय होते, हेही आपण पाहिले आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात एकाच कुटुंबाला चार-चार संस्थांनी कर्जे दिली, वसुलीचा तगादा असह्य झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर नियम होत गेले. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने लघुवित्त कर्जांसाठी जी चौकट आखून दिली, ती प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखी आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला द्यावयाचे हे कर्ज विनातारण असले पाहिजे. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही. कर्जाची माहिती कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजे. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. नियम चांगले आहेत. परंतु ज्या स्त्रीसाठी ते केले, तिला ते ठाऊक नसतील तर ते मुंबईतल्या कागदावरच राहतात.

हे अज्ञान किती महाग पडते हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. तीस हजार रुपयांचे कर्ज 'बारा टक्के व्याजाने', एका वर्षात फेडायचे, असे तोंडी सांगितले जाते. तीन हजार सहाशे रुपये व्याज आणि दरमहा दोन हजार आठशे रुपये हप्ता. ऐकणाऱ्याला वाटते, शेकडा एक रुपया दर, म्हणजे स्वस्तच. परंतु प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर मोजले जाते. घटत्या शिलकीवर खरोखरच बारा टक्के आकारले असते, तर वर्षाचे व्याज दोन हजारांच्या आत राहिले असते. याचा अर्थ, बारा टक्के म्हणून घेतलेले कर्ज प्रत्यक्षात एकवीस टक्क्यांहून अधिक दराचे असते. त्यातच प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला गेला, तर हाती तीस हजार येतच नाहीत. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. ते त्याने फळ्यावर सोडविले तर पाच गुण मिळतात. घरी सोडविले तर घर वाचते.

आता दुसरे उदाहरण. बारा जणींच्या गटात प्रत्येकीने दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षाकाठी चौदा हजार चारशे रुपये जमतात. त्यातून एकीने सहा हजार रुपये शेकडा दोन रुपयांनी घेतले आणि दरमहा हजार रुपये मुद्दल व शिल्लक रकमेवरील व्याज देत सहा महिन्यांत फेडले, तर एकूण व्याज होते चारशे वीस रुपये, आणि तेही गटातच, म्हणजे तिच्याच बारा मैत्रिणींत राहते. तेच सहा हजार गावातील सावकाराकडून शेकडा पाच रुपयांनी घेऊन सहा महिन्यांनी एकरकमी फेडले, तर अठराशे रुपये व्याज गावाबाहेरच्या तिजोरीत जाते. चारशे वीस आणि अठराशे यांतील फरक हाच बचत गटाच्या चळवळीचा खरा अर्थ आहे. तो भाषणातून कळत नाही, वहीतून कळतो.

आणि नेमकी ही वहीच अनेक गटांची दुबळी बाजू आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही बचत गटांची पंचसूत्री होय. पहिली चार सूत्रे भगिनी मनोभावे पाळतात. पाचव्याशी गाडी अडते. गटातील लिहिता येणारी एकटी सचिव माहेरी गेली, आजारी पडली किंवा तिच्याविषयी संशय निर्माण झाला की नोंदी मागे पडतात, नोंदी मागे पडल्या की विश्वास ढळतो आणि विश्वास ढळला की गट मोडतो. मोडलेल्या गटातील स्त्री मग दारी आलेल्या प्रतिनिधीच्या कागदावर सही करते. देवगाव फाट्यासारख्या परिसरातील माध्यमिक शाळांपुढे सेवेचे एवढे उघड क्षेत्र मोकळे असताना, समाजसेवा म्हणजे शाळेच्या मैदानावरील कचरा वेचणे आणि गावातून एक प्रभातफेरी काढणे, एवढ्यावर आपण समाधान मानावे काय?

पाश्चात्य देशांतील काही शाळांत लघुवित्ताचा परिचय सेवाप्रकल्पातून करून देण्याची पद्धत आहे. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'किवा' या संस्थेमार्फत पंचवीस डॉलरपासून कर्ज देता येते. विद्यार्थी वर्गणी काढतात, दूर देशीच्या एखाद्या स्त्रीचे छायाचित्र संगणकावर पाहून तिला कर्ज देतात आणि परतफेड झाली की तीच रक्कम दुसरीला देतात. पैसे पुरविणाऱ्याला व्याज मिळत नाही. तथापि स्थानिक मध्यस्थ संस्था कर्जदाराकडून बहुधा व्याज घेतेच. यातील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु देणारा येथे आणि घेणारा तेथे, या अंतरामुळे सेवेला दानाचे रूप येते. भारतीय विचारात सेवा म्हणजे उपकार नव्हे. ज्याची सेवा करायची तो परका नसून आपलाच अंश आहे, या भावनेतून ती घडते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईच्या व्याख्यानांतून मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाचे सूत्र हेच आहे. देवगाव फाट्याच्या विद्यार्थ्याला कर्जदार शोधण्यासाठी संगणकाची गरज नाही. ती त्याच्या घरातच भाकरी थापत असते.

म्हणून प्रकल्पाचे स्वरूप अगदी साधे असावे. आठवी-नववीच्या दोन-दोन विद्यार्थ्यांनी एकेका बचत गटाशी वर्षभर जोडून घ्यावे. महिन्याच्या बैठकीला शिक्षकासह उपस्थित राहावे, सचिव भगिनीच्या शेजारी बसून नोंदी लिहिण्यास साहाय्य करावे आणि बैठक संपताना त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ज्या भगिनीला वाचता येत नाही, तिला स्वतःच्या नावापुढचे आकडे ओळखण्यास शिकवावे. कोणाकडे बाहेरचे कर्ज असेल आणि तिची इच्छा असेल, तर त्याचा कागद वाचून त्याचा खरा दर काढून द्यावा. सहा महिन्यांनी सचिव भगिनी एकटीने वही लिहू लागली, तर प्रकल्प यशस्वी झाला असे समजावे. सेवेची कसोटी हीच असते, की सेवकाची गरज संपली पाहिजे.

या कामात विद्यार्थ्याला जे शिकायला मिळेल ते कोणत्याही पुस्तकात नाही. त्याने एका कुटुंबाचे वर्षभराचे जमाखर्चाचे कोष्टक महिन्यानुसार मांडून पाहावे. कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या घरात पैसा येतो तो दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. खर्च मात्र मृगापासून सुरू होतो : बी-बियाणे, खत, फवारणी, निंदणी आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांची पुस्तके व प्रवेश. अशा घराला आठवड्याच्या किंवा महिन्याच्या समान हप्त्याचे कर्ज दिले, तर जून ते सप्टेंबरचे हप्ते कशातून फेडायचे? दुधाचा धंदा किंवा छोटी दुकानदारी करणाऱ्या स्त्रीला जे कर्ज पेलते, तेच कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला बुडविते. कारण त्याचा एक हप्ता दुसऱ्या कर्जातून जातो आणि दुसऱ्याचा तिसऱ्यातून. कर्जमाफीच्या घोषणा बँकांच्या पीककर्जाभोवती फिरतात. घरातील स्त्रीच्या नावावरील हे हप्ते त्यांत मोजलेच जात नाहीत. कर्ज वाईट नसते. मिळकतीच्या ऋतूशी न जुळणारे कर्ज वाईट असते, हे अर्थशास्त्राचे मोठे सूत्र चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या घरच्या कोष्टकावरून उमगेल. ऑगस्ट २०२४ पासून राज्यातील पात्र भगिनींच्या खात्यात 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा पंधराशे रुपये जमा होऊ लागले. हा पैसा जुन्या कर्जाच्या हप्त्यात विरून जाईल की गटाच्या भांडवलात रुजेल, याचे उत्तर शासन देऊ शकत नाही. ते घरातील हिशेबच देऊ शकतो.

अशा उपक्रमाला आक्षेप घेतले जातील आणि ते समजून घेतले पाहिजेत. मुलांच्या हाती पैशाचे व्यवहार कशाला, असे पालक विचारतील. उत्तर असे, की मुलाने वहीला हात लावावा, पैशाला नव्हे. रोख रकमेची देवघेव सर्वस्वी गटातील भगिनींनीच करावी. घराची झाकली मूठ उघडी पडेल, ही भीतीही रास्त आहे. म्हणून बैठकीत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशी शिकविला पाहिजे आणि मोडल्यास त्या विद्यार्थ्याला प्रकल्पातून बाजूला केले पाहिजे. विश्वास राखणे हाही संस्कारच आहे. कोणत्याही कर्जसंस्थेचा, विमा कंपनीचा अथवा राजकीय पक्षाचा प्रचार या माध्यमातून होता कामा नये, हे तर सांगावयासच नको. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, ही तक्रारही खरी आहे. परंतु महिन्यातून एक बैठक हे गणिताच्या आणि कार्यानुभवाच्या तासाचेच काम आहे. एकेकाळी अनेक शाळांत विद्यार्थीच 'संचयिका' चालवीत, पासबुके भरीत, ताळेबंद जुळवीत आणि १५ सप्टेंबरला संचयिका दिन साजरा होई, हे आजच्या पालकांपैकी अनेकांना आठवत असेल. शिवाय दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते चालविण्याची मुभा देण्यास रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना अनुमती दिली आहे.

आणखी एक गोष्ट. या कामात मुलगेही असले पाहिजेत. बचत गट हा बायकांचा विषय, असे मानून मुलग्यांना दूर ठेवले, तर अर्धा संस्कार वाया जाईल. आई पैसा-पैसा कसा राखते हे ज्याने वहीत पाहिले, तो उद्या लग्नासाठी कर्ज काढून डी.जे. वाजविण्यापूर्वी दोनदा विचार करील. गटाच्या सतरंजीवर सर्व जातींच्या भगिनी शेजारी बसतात, एकमेकींच्या कर्जाला हमी राहतात. सामाजिक समरसतेचा हा पाठ कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक खोलवर रुजतो.

हिशेब आला की स्त्री कशी उभी राहते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यात आहे. म्हसवडच्या ग्रामीण स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. खचून न जाता त्यांनी अक्षरे गिरविली आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले, की कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्हांला विचारा, आम्ही तोंडी सांगतो आणि तुम्ही यंत्रावर काढा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या कामामागील वैचारिक परंपरा आपल्याहून वेगळी आहे. पण जे चांगले आहे ते कोणाचे आहे हे पाहून स्वीकारायचे नसते. आपल्या परिचयातील संस्थांनीही या क्षेत्रात पाय रोवले आहेत. ज्ञान प्रबोधिनीने वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात बचत गटांतून स्त्रीशक्तीचे प्रबोधन केले. लक्ष्मणराव इनामदार यांनी १९७८ मध्ये पायाभरणी केलेल्या सहकार भारतीचे तर ब्रीदच आहे : संस्काराविना सहकार नाही. संस्कार कोवळ्या वयातच होतात, एवढेच त्यात जोडावयाचे आहे.

या भूमीला तर एका नावाचे स्मरण पुरेसे आहे. नानाजी देशमुख यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळी येथे झाला. ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. घरच्या दारिद्र्यात भाजी विकून शिक्षणाचा खर्च भागविणारा हा मुलगा पुढे गोंडा आणि चित्रकूट येथे ग्रामीण स्वावलंबनाचे प्रयोग उभे करतो, समाजशिल्पी दांपत्यांना खेड्यात राहावयास पाठवितो आणि २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न होतो. पै-पैचा हिशेब लहानपणी कळला म्हणूनच त्यांना गरिबाच्या संसाराचे अर्थशास्त्र मोठेपणी कळले, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

शिक्षक परिषद, विद्यार्थी परिषद, सहकार भारती आणि गावोगावचे सेवाकार्यकर्ते यांनी मनावर घेतले, तर येत्या शैक्षणिक वर्षापासून एका फाट्यावरच्या एका शाळेत, पाच गटांपासून हे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही, निधीचीही फारशी आवश्यकता नाही. लागते ती एक वही, एक पेन्सिल, एक शिक्षक आणि आईशेजारी बसून आकडे मांडण्याची तयारी असलेले दोन विद्यार्थी. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्याने वाचता न आलेला कागद जाळला. आज देवगाव फाट्याच्या विद्यार्थ्याने तो कागद हाती घ्यावा, नीट वाचावा, आणि सही करण्यापूर्वी आईला त्याचा अर्थ सांगावा.